२०४८ चं प्रकरण: टूलचेनमधली सामाईक लायब्ररी आणि तिचे तीन वाटेकरी

वाळूज एमआयडीसीतली ही कंपनी ठिबक सिंचनाचे कंट्रोलर बनवते. गिऱ्हाईक मुख्यतः जालना जिल्ह्यातले, अंबड-घनसावंगीकडचे मोसंबीवाले. कंट्रोलर वॉल्व्ह उघडतो-मिटतो, पंप चालू-बंद करतो, दाबावर लक्ष ठेवतो. आत एआरएम कॉर्टेक्स-एम जातीची चिप आणि सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं फर्मवेअर. डबा एकदा बागेत बसला की वर्षानुवर्षं तिथेच राहणार. पाच वर्षांनी त्याच फर्मवेअरमध्ये एक ओळ बदलायची झाली तर त्याच कंपायलरने बांधता आलं पाहिजे, म्हणून जीसीसी (कंपायलर), बिनयुटिल्स (लिंकर, असेंब्लर वगैरे हत्यारं) आणि जीडीबी (डीबगर) हे तिन्ही ते सोर्सपासून स्वतः बांधतात. पाच-सात जणांच्या टीमने हा व्याप का घ्यावा, असं वाटू शकतं. मला त्यांचा निर्णय पटलेला आहे.

मला बोलावलं ते वेगळ्याच कारणासाठी. बागेतला कंट्रोलर कोसळला की तो स्टॅकवरचे (चालू फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीतले) पत्ते फ्लॅशमध्ये लिहून ठेवतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर मोबाइल नेटवर्कवरून ऑफिसात पाठवतो. ऑफिसातला एक छोटा सर्व्हर त्या पत्त्यांवरून फंक्शनची नावं काढतो. हा सर्व्हरच अधूनमधून मरत होता. मरण्याला काही ताळतंत्र नव्हतं. कधी लॉग लिहिताना, कधी डेटाबेसशी बोलताना, कधी नुसताच रिकामा बसलेला असताना. टीमच्या प्रमुख मॅडमनी दोनदा डेटाबेसचं कनेक्टर बदलून पाहिलं होतं.

त्यांच्यासोबत काम करणारा जालन्याचा एक पोरगा होता, नोकरीला लागून फार दिवस झालेले नव्हते. त्याने मला पहिल्याच दिवशी वेगळीच गोष्ट दाखवली. "सर, हे बघा. मेमरीच्या रिपोर्टात नावं सगळी नीट यायलीत. पण जुन्या बिल्ड मशीनवर हाच रिपोर्ट काढला की लांब नावं तशीच कच्ची यायलीत. कोड तोच हाय, फाइल तीच हाय. काहून असं?"

मॅडम म्हणाल्या, "ते नंतर बघू रे, आधी सर्व्हर." पण मला त्या प्रश्नाचा वास आला. सर्व्हर आणि रिपोर्ट दोघंही एकच काम करतात: कच्च्या नावाचं वाचता येईल असं नाव करणं. आणि ते काम दोघांसाठी करतं कोण, तर लिबआयबर्टी.

ही लायब्ररी कोणाची

लिबआयबर्टी म्हणजे ग्नू टूलचेनचं सामानसुमान. हॅशटेबल, स्प्ले ट्री, ऑबस्टॅक, मेमरी संपली की प्रोग्रॅम थांबवणारं एक्समॅलॉक, दुसरा प्रोग्रॅम चालवण्यासाठी पेक्स, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नसलेल्या फंक्शनांचे पर्याय, आणि कच्ची नावं उलगडणारा डिमँगलर. कंपायलर, लिंकर, असेंब्लर, डीबगर सगळे तिच्यावर उभे असतात, पण सहसा कोणी तिच्यासाठी म्हणून टूलचेन डाउनलोड करत नाही. ती बहुतेक वेळा इन्स्टॉलही होत नाही. लिबआयबर्टी-डॉट-ए नावाची स्टॅटिक फाइल बनते, प्रत्येक टूलच्या पोटात जोडली जाते आणि दिसेनाशी होते. स्टॅटिक असल्यामुळे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: सोर्समध्ये दुरुस्ती केली तरी प्रत्येक टूल पुन्हा लिंक होईपर्यंत ती कोणापर्यंतही पोचत नाही.

मूळ प्रत जीसीसीच्या रिपॉझिटरीत असते. बिनयुटिल्स आणि जीडीबी यांची रिपॉझिटरी एकच आहे, तिच्यातही लिबआयबर्टीची डिरेक्टरी आहे, पण ती मुळावरून वेळोवेळी आणलेली नक्कल. नियम लिहून ठेवलेला आहे: बदल आधी जीसीसीकडे पाठवा, तिथून तो इकडे येईल. मात्र तुम्ही जेव्हा तीन वेगवेगळ्या रिलीजच्या टारफाइली उतरवता तेव्हा तुमच्या मशीनवर लिबआयबर्टीच्या तीन प्रती येतात, तीन वेगवेगळ्या तारखांच्या. गावाकडे सामाईक विहिरीला सातबारावर हिस्से तरी लिहिलेले असतात. इथे तीन डिरेक्टऱ्या आणि तिन्हींवर "आमची" असा समज.

डिमँगलरचं काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सी-प्लस-प्लसमध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं असू शकतात, टेम्प्लेटं असतात, नेमस्पेस असतात. ऑब्जेक्ट फाइलमध्ये हे सगळं एका सपाट नावात कोंबावं लागतं. २००१ साली आलेल्या जीसीसी ३.० पासून ग्नू कंपायलर यासाठी इटानियम एबीआय या ठरलेल्या नियमावलीची पद्धत वापरतो. अंडरस्कोअर आणि मोठा झेड, मग ३, मग फू ही तीन इंग्रजी अक्षरं, शेवटी आय: म्हणजे एक इंट घेणारं फू नावाचं फंक्शन. इतकं साधं असतं तर प्रश्नच नव्हता. या कंपनीच्या फर्मवेअरमध्ये वॉल्व्हची सगळी स्थित्यंतरं एका टेम्प्लेटच्या यादीत लिहिलेली होती. ती यादी त्या क्लासच्या प्रत्येक फंक्शनच्या नावात शिरत होती. पुन्हा आलेला भाग आखूड खुणेने लिहायची सोय त्या पद्धतीत आहे, तरीसुद्धा कच्ची नावं दोन हजार अक्षरांच्या पुढे गेली होती. उलगडलं की स्क्रीनभर पसरायची.

आकडा आला कुठून

बिनयुटिल्स २.३० वर सगळं ठीक होतं. टीमने पुढची आवृत्ती घेतली आणि लांब नावं कच्ची दिसायला लागली. त्याचं कारण २.३२ मध्ये आहे. त्या आधीच्या वर्षी, २०१८ मध्ये, डिमँगलरवर मुद्दाम बिघडवलेली नावं फेकून पाहणाऱ्यांनी बग्सचा ढीग लावला होता. नावाच्या व्याकरणात खोलीला मर्यादा नाही, एकात एक कितीही गुंफता येतं, त्यामुळे आत-आत जाणारं रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावणं) स्टॅक संपवून टाकत असे. त्याच वर्षाच्या अखेरीस लिबआयबर्टीतून जीसीसी २ च्या काळातला जुना डिमँगलरच काढून टाकला गेला. बऱ्याच तक्रारी त्याच्याबरोबर गेल्या. उरलेल्या नव्या डिमँगलरला मर्यादा घातली: रिकर्शनची खोली २०४८. हा कॉन्स्टंट इन्क्लूड डिरेक्टरीतल्या डिमँगल-डॉट-एच या हेडरमध्ये आहे.

नुसती खोलीचीच मर्यादा असती तर या टीमच्या नावांना काही झालं नसतं, कारण ती लांब होती, खोल नव्हती. पण तोच कॉन्स्टंट आणखी एका ठिकाणी तपासला जातो. डिमँगलर काम सुरू करण्याआधीच दोन तक्ते स्टॅकवर मांडतो: एक घटकांचा, नावाच्या लांबीच्या दुप्पट खणांचा, दुसरा पुनरुक्तीच्या खुणांचा, लांबीइतक्या खणांचा. पहिल्या तक्त्याचे खण २०४८ पेक्षा जास्त भरले तर तो नावाला हातच लावत नाही. म्हणजे १,०२४ अक्षरांच्या पुढचं नाव परत कच्चंच. ही तपासणी थोडी ढोबळ आहे असं त्या कोडमधल्या टिप्पणीतच मान्य केलंय. स्टॅकवर किती जागा शिल्लक आहे हे विचारायचा सगळीकडे चालेल असा मार्ग नाही, म्हणून हा आकडा.

तक्ते स्टॅकवर का, मॅलॉक (स्टॅकबाहेर मेमरी मागणं) का नाही? कारण हीच फाइल जीसीसीची सी-प्लस-प्लस लायब्ररी, लिबएसटीडीसी-प्लस-प्लससुद्धा, आपल्यात कंपाइल करून घेते. न पकडलेलं एक्सेप्शन आलं की टर्मिनेट होताना त्याचं नाव छापायला तिथे हाच कोड चालतो. मेमरी संपल्यामुळेच प्रोग्रॅम मरत असेल तर तेव्हा एक्समॅलॉकने बाहेर पडणं कोणाला परवडणार नाही. त्यामुळे मॅलॉकला हात न लावताही चालेल असा रस्ता डिमँगलरमध्ये ठेवलेला आहे. एका वाटेकऱ्याची सोय झाली, तिचा भार स्टॅकवर गेला.

दुरुस्ती, जिथे दुखलं तिथे

कंपनी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरने हे सगळं बरोबर शोधून काढलं होतं. त्याने बिनयुटिल्सच्या सोर्सच्या ट्रीमधल्या हेडरमध्ये २०४८ खोडून ६५,५३६ लिहिलं, पुन्हा बांधलं, रिपोर्टात नावं आली. कमिटच्या संदेशात एकच ओळ: "लांब नावं दिसत नव्हती, लिमिट वाढवली." जुन्या बिल्ड मशीनवर ही ट्री पोचलीच नव्हती, त्या पोराला दिसलेला फरक तो हाच.

त्या इंजिनिअरला दोष द्यायचं मला कारण दिसत नाही. तो एनएम चालवत होता. एनएम हा बिनयुटिल्समधला, फाइलमधली नावं छापणारा स्वतंत्र प्रोग्रॅम, मुख्य थ्रेडवर चालणारा, लिनक्सवर त्याला सहसा ८ एमबी स्टॅक. ६४-बिट मशीनवर घटकाचा एक खण ३२ बाइटचा आणि खुणेचा ८ बाइटचा. म्हणजे कच्च्या नावाच्या दर अक्षरामागे ६४ अधिक ८, ७२ बाइट स्टॅक. त्याच्या नव्या मर्यादेत बसणारं सर्वांत लांब नाव ३२,७६८ अक्षरांचं. त्याचे तक्ते साधारण २३ लाख ६० हजार बाइटचे. ८ एमबीत आरामात बसतात. त्याच्या जागेवरून पाहिलं तर हिशोब चुकलेला नव्हता.

सर्व्हरचा हिशोब निराळा. सर्व्हर बिनयुटिल्सची बीएफडी ही ऑब्जेक्ट फाइली वाचणारी लायब्ररी थेट पोटात घेऊन चालतो, आणि ती याच बदललेल्या ट्रीमधून आलेली. वर तो अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये. अल्पाइनची सी लायब्ररी मसल, आणि मसल नव्या थ्रेडला न सांगता देतो तो स्टॅक १२८ केबीचा. १,०२४ अक्षरांच्या नावाला तक्त्यांसाठी ७२ केबी लागतात, ते कसंबसं बसतं. २,३०० अक्षरांच्या नावाला लागतात १,६५,६०० बाइट. थ्रेडचा अख्खा स्टॅक १,३१,०७२ बाइटचा.

मग तो तिथेच का मरत नव्हता, डेटाबेसवर का संशय जात होता? स्टॅकच्या टोकाला एक राखीव पान असतं, त्याला हात लागला की प्रोग्रॅम जागच्या जागी थांबतो. पण तक्ता मांडताना स्टॅक पॉइंटर एकाच उडीत दीडशे केबी खाली जातो. राखीव पान मधे कुठेतरी राहून जातं आणि लिखाण थेट शेजारच्या मेमरीत होतं. ती मेमरी कोणाची, हे त्या दिवशीच्या नशिबावर. मग मालक जेव्हा आपली मेमरी वाचायला येणार तेव्हा कोसळणार, आणि नाव त्याचं होणार.

म्हणून मी पहिलं काम काय केलं, तर बिनयुटिल्स आणि सर्व्हर दोन्ही स्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन या पर्यायासह पुन्हा बांधले. जीसीसी ८ पासून हा पर्याय आहे. स्टॅक खाली नेताना तो प्रत्येक पानाला स्पर्श करत जातो, त्यामुळे राखीव पान ओलांडून जाता येत नाही. लांब नाव असलेलं फर्मवेअर आणि एक जुना क्रॅश सर्व्हरला दिला. मेला, आणि या वेळी डिमँगलरच्या दारातच मेला. पुन्हा दिला, पुन्हा तिथेच.

बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी, एकेक पायरी म्हणजे फ्रेम) पाहून पोरगा म्हणाला, "सर, पण रिकर्शन कुठंय? सहा-सातच फ्रेम हायेत." त्याने बरोबर बोट ठेवलं होतं. स्टॅक संपला म्हटलं की हजारो फ्रेमांची माळ दिसेल अशी आपली सवय असते. इथे डिमँगलर अजून पहिलं अक्षरही वाचायला बसलेला नव्हता, नुसते तक्ते मांडत होता. कॉन्स्टंटच्या नावात रिकर्शन आहे म्हणून सगळे रिकर्शन शोधत बसले असते.

जीडीबीची तिसरी प्रत मूळ २०४८ वरच होती. तिथे फरक कोणाच्या डोळ्यावर आला नाही, कारण डीबग माहिती असली की जीडीबी फंक्शनचं नाव बहुतेक वेळा तिथूनच घेतो, कच्चं नाव उलगडत बसत नाही. जीडीबीला तर डिमँगलरचा पूर्वीपासून इतका अनुभव आहे की उलगडताना डिमँगलर कोसळला तरी डीबगर जगावा, अशी खास सोय त्यात केलेली आहे.

काय करता आलं असतं

मॅडमना वाटत होतं की आकडा मधला घ्यावा, ४,०९६ वगैरे. मला ते अजिबात मान्य नव्हतं. ४,०९६ म्हणजे २,०४८ अक्षरं. २,३०० अक्षरांचं नाव तरीही कच्चंच राहिलं असतं, आणि २,०४८ अक्षरांच्या नावाचे तक्तेही सर्व्हरच्या १२८ केबीत मावले नसते. किती स्टॅक शिल्लक आहे हे लायब्ररीला कळत नाही. ते कळतं बोलावणाऱ्याला. मग ठरवायचं त्यानेच. आणि लिबआयबर्टीत ती सोय आहे: मर्यादा नको असं सांगणारा एक फ्लॅग डिमँगलरला देता येतो. एनएम, ऑब्जडम्प, ॲडर-टू-लाइन आणि सी-प्लस-प्लस-फिल्ट यांना त्यासाठी "नो-रिकर्स-लिमिट" असा पर्याय २.३२ पासूनच दिलेला आहे. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय की मर्यादा काढून स्टॅक संपला तर ती तक्रार ऐकली जाणार नाही. कडक आहे, पण रास्त आहे.

म्हणजे ज्या दिवशी मर्यादा आली त्याच दिवशी तिच्यातून बाहेर पडायचा दरवाजाही आला होता. रिपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये एक शब्द वाढवला असता तर हेडरला हात लावावा लागला नसता.

तिघांनी बसून ठरवलं ते असं. हेडर मूळ आकड्यावर नेलं. रिपोर्टच्या स्क्रिप्टमध्ये एनएमला नो-रिकर्स-लिमिट दिलं. सर्व्हरमध्ये डिमँगलर रिकाम्या हाताने परतला तर ते नाव वेगळ्या प्रोसेसमध्ये सी-प्लस-प्लस-फिल्टकडे मर्यादा काढून पाठवायचं. तिथे मुख्य थ्रेडचा भरपूर स्टॅक आहे, आणि वाईटात वाईट म्हणजे तीच एक प्रोसेस मरेल, सर्व्हर कच्चं नाव दाखवून पुढे जाईल. थ्रेडचा स्टॅक १ एमबी करा असाही पर्याय होता. तो मी नाकारला नाही, पण त्यावर विसंबूही दिलं नाही. आज एक एमबी, उद्या कोणी वर्कर वाढवताना मेमरी वाचवायला तो आकडा कमी करणार.

फर्मवेअरची नावंही आखूड केली. यादीला यूझिंगने टोपणनाव दिलं तर कच्च्या नावात काहीच फरक पडत नाही, कंपायलर मूळ प्रकारच लिहितो. त्या यादीपासून एक रिकामा स्ट्रक्ट वारसाने तयार केला आणि पुढे सगळीकडे तोच दिला, की नावात फक्त त्या स्ट्रक्टचं नाव येतं. यादीच्या स्वतःच्या फंक्शनांची नावं लांबच राहतात, पण ती मोजकी असतात.

प्रती कशा सांभाळायच्या

इथे जास्त वाद झाला. पोराचं म्हणणं, तिन्ही ट्रीमधल्या लिबआयबर्टी एकसारख्या करून टाकू, जीसीसीची घेऊन बाकी दोन्हींवर टाकू. जुने लोक तिन्ही सोर्स एकाच ट्रीत घालून बांधायचे तेव्हा असंच व्हायचं. पण रिलीजच्या तारखा जुळत नाहीत. बिनयुटिल्सला नवं फंक्शन हवं असतं आणि जीसीसीच्या जुन्या शाखेत ते आलेलं नसतं, किंवा उलट. तीन प्रती वेगळ्या असणं हा दोष नाही. प्रत्येक प्रत आपापल्या मूळ टारफाइलपेक्षा कळल्याशिवाय वेगळी असणं हा दोष आहे. म्हणून तुलना एकमेकींशी करायची नाही, प्रत्येकीची तिच्या मुळाशी करायची.

आता ट्रीमध्ये थेट बदल बंद. प्रत्येक स्थानिक बदल पॅचची स्वतंत्र फाइल. वरती चार ओळी: कोणत्या टूलसाठी, कोणाला त्रास होऊ शकतो, मुळाकडे पाठवला का, आणि कोणत्या आवृत्तीनंतर काढायचा. पॅच लागला नाही तर बिल्ड थांबतं. लिबआयबर्टी आणि इन्क्लूड या दोन डिरेक्टऱ्यांना हात लावणारा पॅच असेल तर दोघांनी पाहिल्याशिवाय जात नाही. ही शेवटची अट मॅडमची.

टेस्टचा भाग सोपा निघाला, तरी आधी कोणी केला नव्हता. लिबआयबर्टीच्या टेस्टसूटमध्ये डिमँगल-एक्सपेक्टेड नावाची साधी मजकुराची फाइल आहे: एका ओळीत पर्याय, पुढच्या ओळीत कच्चं नाव, त्यापुढे अपेक्षित उत्तर. त्यांच्या फर्मवेअरमधली काही खरी नावं तिथे घातली, १,०२४ च्या अलीकडची आणि पलीकडची. पलीकडच्या नावाचं अपेक्षित उत्तर म्हणजे तेच कच्चं नाव. आता कोणी आकडा हलवला की मेक चेक, म्हणजे टेस्ट चालवणारी आज्ञा, तिथेच ओरडते. त्यांच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये मेक चेकची पायरीच नव्हती, ती घातली. लिबआयबर्टीपुरती ती काही मिनिटांत संपते. आणि सर्व्हरसाठी वेगळी टेस्ट, मुद्दाम १२८ केबी स्टॅकच्या थ्रेडवर चालवलेली.

एक प्रश्न मॅडमनी विचारला जो मी अपेक्षिला नव्हता: हा सर्व्हर उद्या आमच्या डीलरांना देता येईल का? बीएफडी जीपीएल ३ खाली आहे. ती पोटात घेतलेला प्रोग्रॅम बाहेर दिला की सोर्सही द्यावा लागेल. डिमँगलरच्या फाइलला लिंक करण्यापुरती खास सूट आहे, पण बीएफडीला नाही. सध्या सर्व्हर ऑफिसातच चालतो, त्यामुळे विषय तिथे थांबला.

लांबीच्या तपासणीत सुचलेली एक सुधारणा पोराने लिहून काढली आहे: ठरावीक मर्यादेपर्यंत तक्ते स्टॅकवर, त्यापुढे बोलावणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच मॅलॉकवर. ती बिनयुटिल्सकडे नव्हे, जीसीसीकडे पाठवायची आहे. २०२१ पासून तिथे कॉपीराइट सोपवण्याच्या कागदांऐवजी साइन-ऑफची ओळही चालते, त्यामुळे कंपनीच्या वकिलाकडे फाइल अडकणार नाही. पॅच अजून गेलेला नाही. लिबएसटीडीसी-प्लस-प्लसच्या बाजूने त्याचा काय परिणाम होतो ते तो तपासतोय, आणि ती तपासणी झाल्याशिवाय पाठवायचा नाही असं मॅडमनी सांगितलंय.